फुलीची दोरी

६ फेब्रुवारी

ताई,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. जे वाचायचं नसेल तिथं मी तसं लिहीन.

मी बरी आहे. न सांगता निघाले हे वाईट केलं, पण सांगितलं असतं तर निघालेच नसते. तू दारात आडवी झाली असतीस आणि बाबा काहीच बोलले नसते. तू आडवी आलीस तर तुला ढकलून जाता येतं. बाबा बोलले नाहीत की घरातून पाय निघत नाही.

आधी अकरा दिवस एका फिरत्या सर्कशीत तिकिटं फाडली. हत्ती नव्हता. एक घोडा होता, तोही खोकायचा. खेळाच्या मधेच खोकायचा आणि लोकांना वाटायचं शिकवलेलं आहे, टाळ्या वाजवायचे. मग सर्कस एका गावी गेली आणि मी दुसऱ्या बसमध्ये बसले. का, ते विचारू नकोस, ती बस आधी सुटत होती.

आता बसस्टँडसमोरच्या एका लॉजवर चादरी धुते. वीस खोल्या, चाळीस चादरी, गच्चीवर सहा दोऱ्या. मालकीणबाई अंगानं दांडग्या आहेत आणि चादर वाळली की नाही ते हात न लावता नुसता वास घेऊन सांगतात. इथल्या चादरींना काठच नाहीत गं. गिरणीचं कापड, कडेला दुमड मारून शिवलेलं. चादर हातात आली की माझं बोट सवयीनं काठ शोधतं आणि नुसती शिवण लागते. मी मालकीणबाईंना म्हटलं, "ही काही चादर नव्हे." त्या म्हणाल्या, "तू धू."

बाबा, तुम्ही म्हणाल हिच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी नाव तर तुम्हीच पाडलंत. पण परसातल्या खुंट्यांमधून उभे धागे फिरवत मागासाठी ताणा काढताना लहानपणापासून मी ज्या फेऱ्या मारल्या, त्या सगळ्या एका रेषेत मारल्या असत्या तर केव्हाच समुद्र लागला असता. तेव्हा मला कुणी भटकी म्हटलं नाही. तेव्हा म्हणायचे पोर कामाची आहे.

जागा संपत आली. माझी हिरवी पिशवी फाटली, नवी घ्यायची आहे. नवा ताणा मागावर चढला का? सहज विचारते.

— भिंगरी

२ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या दोन माझ्यावर. त्या मी ठेवून घेतल्या. बाकीच्या दोन परत परत वाचल्या.

तू लिहितेस, ताण्याची वेणी खुंटीवरून काढली, मागावर चढवायला उलगडली, तर फुलीच नव्हती. बाबा फुलीची दोरी घालायलाच विसरले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तेव्हापासून ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसलेले नाहीत.

हे मी भट्टीपाशी उभी राहून वाचलं. मालकीणबाईंनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, फुली गेली. मग त्यांना फुली म्हणजे काय ते सांगत बसले. माझ्या पंजाची बोटं पसरून त्यांतून दोरा घालून दाखवला. म्हटलं, ताणा काढताना एक धागा पहिल्या खुंटीच्या वरून आणि दुसरीच्या खालून जातो, पुढचा त्याच्या उलट. प्रत्येक धागा शेजारच्याला असा फुली मारून जातो, म्हणून कोण कुणाच्या शेजारी ते कळतं. खुंटीवरून काढायच्या आधी त्या फुलीच्या दोन्ही बाजूंनी एक दोरी ओवून बांधायची. ती दोरी आहे तोवर बाराशे चाळीस धागे रांगेत उभे. दोरी नाही, तर बाराशे चाळीस धाग्यांचा नुसता झाडू. मालकीणबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या किल्ल्यांच्या कडीसारखं." आणि कमरेची कडी वाजवून दाखवली. बाई हुशार आहे. एरवी लोकांना मी हे सांगते तेव्हा ते बसची वेळ विचारतात.

तर असं होतं ताई. वय झालं की होतं. इथं तिसऱ्या नंबरच्या खोलीत एक म्हातारे औषधविक्रेते उतरतात, ते दर वेळी दात विसरून जातात. पेल्यात ठेवलेले. आम्ही पुढच्या खेपेपर्यंत जपून ठेवतो. तेव्हा बाबांना सांग, एवढं मनावर घेऊ नका. त्यांना एकदा चष्मेवाल्याकडं ने. जवळचं दिसत नाही हे तर आपल्याला ठाऊकच आहे. आणि ताणा टाकून देऊ नका, निळ्या पट्ट्या वेगळ्या काढल्या तर निम्मं काम होईल. एकानं समोर धरायचं, दुसऱ्यानं…

बघ, मी उंटावरून शेळ्या हाकायला लागले. तू हेच म्हणाली असशील.

परवा इथं एका खोलीत कुणीतरी पोपट विसरून गेलं. त्याबद्दल खूप लिहिण्यासारखं आहे, पण पुढच्या वेळी.

— भिंगरी

२८ मार्च

ताई,

हे पत्र आधी तू एकटीनं वाच. मागच्या दारी जा.

तू लिहिलंस की चष्मेवाल्यानं नवा चष्मा दिला, तो बाबांनी डबीत ठेवला, आणि म्हणाले की माझं डोळ्यांचं नाही, डोक्याचं आहे. दोरी घालायला डोळे लागतच नाहीत. ती मी झोपेतही घातली असती. ती मी विसरलो म्हणजे आता काहीही विसरेन.

आणि आता ते दुकानात एकटे जात नाहीत. दाराला कडी घातली का, ते तुला तीनतीनदा विचारतात. चुलीपाशी जायला घाबरतात. धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला दिल्या तर भरतात, पण भरलेल्या मोजायला तुला बोलावतात. आपले बाबा. ज्यांनी तुझ्या विणलेल्या कापडावरून नुसता तळवा फिरवून सांगितलं होतं की इथं तू रडत होतीस, ठोका हलका पडलाय.

ताई, ते विसरले नव्हते. दोरी त्यांनी घातली होती. मी काढून घेतली.

आता श्वास घे. मी पण घेते.

त्या दिवशी सकाळी तू सूत आणायला गेली होतीस. आदल्या संध्याकाळी बाबांनी ताणा खुंट्यांवरून उतरवून वेणी घालून आतल्या खुंटीला टांगला होता आणि मला म्हणाले होते, "उद्या चढवू. हा चढला की ह्या मागावर तू बसायचं. माझं आता पुरे." तुला त्यांनी हे सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मला मात्र ते रात्रभर ऐकू येत होतं. तो खड्डा मला माहीत आहे. त्यात पाय सोडून बसलं की समोर भिंत आणि भिंतीला तो एक पोपडा. तू म्हणायचीस तो बदकासारखा दिसतो. मला तो कधीच बदकासारखा दिसला नाही.

सकाळी बाबा अंघोळीला गेले. मी हिरव्या पिशवीत कपडे कोंबले, तर पिशवीचं तोंड बंद होईना, चेन आधीच गेलेली. बांधायला काहीतरी हवं होतं. वेणीच्या टोकाला ती लाल दोरी होती. मी सोडून घेतली आणि पिशवी बांधून बाहेर पडले. घाईत होते. बसमध्ये बसल्यावर मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं तेव्हा कळलं की ही कुठली दोरी.

तेव्हा उतरायला हवं होतं. बस पहिल्या थांब्यावर पाच मिनिटं थांबली होती. मी चहा घेतला.

आधीच्या पत्रांत मी सहज विचारते म्हणून जे विचारलं ते सहज नव्हतं. आणि औषधविक्रेत्याच्या दातांची गोष्ट खरी आहे, पण ती मी लिहायला नको होती. ताकाला जाऊन भांडं लपवलं.

आता घरात जा आणि हे बाबांना वाचून दाखव. मोठ्यानं, सगळं. मधलं काही गाळू नकोस. त्यांना कळू दे की त्यांचं डोकं ठीक आहे.

— भिंगरी

१४ एप्रिल

ताई,

तू वाचून दाखवलं नाहीस.

मला वाटलं होतं पोचल्याबरोबर वाचशील. मी तर दिवस मोजत होते, आज पोचलं असेल, आज बाबा खड्ड्यात उतरले असतील. आणि तुझं उत्तर येतं ते हे: "मी तुझी पोस्टमन नाही. गेलीस तोंड न दाखवता, आता माफी पण पाकिटातून? त्यांनी विचारलं काय लिहिलंय, तर मी सांगितलं मजेत आहे. तुला त्यांना सांगायचं असेल तर येऊन तोंडानं सांग. तोवर ते दाराची कडी विचारतील आणि मी घातली म्हणून सांगत राहीन. आणि एक सांग, मुद्दाम केलंस का?"

पहिल्यांदा खूप राग आला. पहिलं वाक्य तर मी इथं मोठ्यानं म्हणून दाखवलं, मालकीणबाईंना. त्यांनी चादर झटकली आणि म्हणाल्या, "बहीण शहाणी आहे." मी म्हटलं, त्या घरात एक माणूस रोज खचतोय आणि ती हट्टाला पेटलीय. तर म्हणाल्या, "मग तू कशाला पेटली आहेस? इथनं बस जाते ना?"

जाते. सकाळी सातला, समोरूनच. मी रोज बघते.

मी तुला तीन पानं लिहिली होती की का येता येणार नाही. ती फाडली, हे चौथं पान. त्या तीन पानांत लॉजवर माणसं कमी आहेत हे होतं, भट्टीनं हात भाजला हे होतं (भाजला आहे, खरंच), पोपटाला खायला कोण घालणार हेही होतं. पोपटाचा मालक गेल्या आठवड्यातच येऊन त्याला घेऊन गेला. हे वाचलं आणि मलाच लाज वाटली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मुद्दाम केलंस का म्हणून विचारलंस. त्याचं उत्तर इथं लिहीत नाही. लिहिलं तर परत पाकिटातूनच.

शुक्रवारच्या बसनं निघते. बाबांना सांगू नकोस, आणि दारात उभी राहू नकोस. तू दारात असलीस तर मी आधी तुझ्याशीच भांडेन आणि तिथंच दमून जाईन.

— भिंगरी

५ मे

मालकीणबाई,

नमस्कार. तुम्ही माझा पगार आणि पिवळी ओढणी राखून ठेवली आहे असं तुमच्या कार्डावरून कळलं. मी आजवर ज्या ज्या ठिकाणाहून गेले तिथं का गेले ते कुणाला कळवलं नाही. तुम्हाला कळवते.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. ताई तिच्या मागावर होती, ठोका रस्त्यावरून ऐकू येत होता. मी आत आले तरी तिनं धोटा थांबवला नाही, नुसती मान हलवून ओसरी दाखवली. बाबा तिथं चरख्यापाशी होते. पावलांवरून ओळखलं. म्हणाले, "आलीस. पाणी पी."

मी पाणी प्यायलेच नाही, नाहीतर मग जेवण आलं असतं, मग उद्या सांगू असं झालं असतं. उभ्या उभ्या सांगितलं. दोरी तुम्ही घातली होती, मी पिशवी बांधायला काढून घेतली, घाईत कळलं नाही, बसमध्ये कळलं.

आतला ठोका थांबला.

बाबांनी चरख्याचं चाक हातानं थांबवलं. मला वाटलं रडतील. त्यांनी विचारलं, "कापलीस का सोडलीस?"

मी म्हटलं, "काय?"

"दोरी. कात्रीनं कापलीस का गाठ सोडलीस?"

"सोडली."

"मग कळलं कसं नाही?"

मालकीणबाई, तुम्हाला हे सांगितलं पाहिजे. ती गाठ बाबांची स्वतःची आहे. कुठलीही दोरी बांधतो तशी नाही ती. दोन्ही टोकं आत वळवून मारतात, म्हणजे ताणा हलवताना चुकूनही सुटू नये. ज्याला माहीत नाही त्याला ती कापावीच लागते. सोडायची तर आधी उलट दाबावी लागते, मग नखानं आतलं टोक बाहेर काढायचं. मी सात वर्षांची असताना त्यांनीच मला ती शिकवली, आणि ती सोडताना हात दुसऱ्या कुठल्याही गाठीला करत नाहीत ते करतात. ताईला पत्रात मी सोडून घेतली असंच लिहिलं होतं. तिनं मुद्दाम केलंस का म्हणून विचारलं, पण ह्या शब्दावर ती अडली नाही. बाबांना एका शब्दात खटकलं.

मी म्हटलं, "कळलं होतं. टोक नखात आलं तेव्हाच कळलं. तरी काढली."

"का?"

"मला त्या मागावर बसायचं नव्हतं."

"मग तसं म्हणायचं होतं."

"तुम्हाला कोण म्हणणार?"

ह्यावर त्यांनी जे तोंड सोडलं, ते मी आयुष्यात ऐकलेलं नाही. आमचे बाबा वर्षातून दोनदा बोलतात असं म्हटलं तर ताई तिसरी वेळ आठवून सांगेल. पण त्या दुपारी तीन महिन्यांचं एकदम काढलं. म्हणाले, मी इथं बसून माझ्या आईचं नाव आठवतंय का ते रोज सकाळी बघत होतो. म्हणाले, मी तुझ्या बहिणीला सांगून ठेवलं होतं की मी वाट चुकलो तर कुठं शोधायचं. म्हणाले, तू मला वेडं ठरवलंस, आणि वर पत्रातून विचारलंस ताणा चढला का. शेजारचा शिंपी कुंपणापाशी येऊन उभा राहिला, तर त्यालाही म्हणाले, "तुझं काय शिवायचं राहिलंय?" तो गेला.

ताई आतून आली नाही. मला वाटतं हे ऐकायला ती तीन महिने थांबली होती.

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट मी वाढलं तर जेवायचे नाहीत, ताईनं वाढलं तर जेवायचे. पण कडी घातली का, हे त्या रात्री विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताईनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं माझ्याही लक्षात आलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती वेणी खुंटीवरून काढली, परसात दोन खुंट्यांना ताणून बांधली आणि मोठ्यानं म्हणाले, "जिनं सोडलं तिनं बसावं." मी बसले. तेव्हापासून रोज बसतो. मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. बाराशे चाळीस धागे एकेक करून परत फुलीत घ्यायचे. निळे वेगळे दिसतात ते मी घेते, पण करड्यांत कुठला कुणाच्या शेजारचा ते मला दिसत नाही. बाबा धागा चिमटीत धरून थोडा वर ओढतात, त्याच्याबरोबर शेजारचा कुठला हलतो ते बोटाला कळतं, म्हणतात, "हा." मी काडीवर घेते. काल मी चुकीचा घेतला तर त्यांनी पंधरा धागे पुढं गेल्यावर ओळखलं. सगळे परत काढायला लावले. मी म्हटलं एका धाग्यानं काय होतं. म्हणाले, "तुला तर ठाऊकच आहे काय होतं."

मागावर मी बसणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. सरळ, तोंडावर. त्यांनी धागा ओढला, "हा" म्हणाले. मला वाटलं माझ्या बोलण्याला म्हणाले. धाग्याला म्हणाले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मी बसेन. माझं अजून पुरे झालेलं नाही."

साडेसातशे झाले आहेत. अजून आठवडा लागेल, जास्तही लागेल, कारण ताईचा माग मधेच अडला की ती मला हाक मारते आणि मी गेले की तिथंच गप्पा मारत बसते. नंतर मी येईन असं धरून चालू नका. येणार नाही असंही धरू नका. नक्की झालं की कळवीन. सहा नंबरची दोरी सैल झाली आहे, तिच्यावर ओल्या चादरी एकदम टाकू नका. तिच्या मधला लाल तुकडा म्हणजे तीच ती फुलीची दोरी. तुटकी होती तिथं मी जोडली होती. आता तुमचीच राहू द्या. इथं बाबांनी नवी वळली.

आणखी एक सांगायचं राहिलं. आज सकाळी बाबा एकटे दुकानात गेले. खळीसाठी पीठ, गठ्ठे बांधायला सुतळी आणि साबण. कुणी बरोबर येते म्हणालं नाही. आम्ही दोघी आपापल्या जागी काम केल्यासारखं करत बसलो. अर्ध्या तासानं आले, पिशवी ओसरीवर ठेवली, आत हात घालून चाचपली.

"साबण विसरलो," म्हणाले.

ताईचा धोटा थांबला. माझ्या हातातला धागा हातात राहिला.

बाबांनी पिशवी झटकून परत खांद्याला लावली, पायात चपला सरकवल्या आणि गेले.

— भिंगरी